मरादीच्या बायकांची पेटी

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाच्या दक्षिण भागात, नायजेरियाच्या सीमेलगत मरादीचा मुलूख आहे. भाषा हौसा, धर्म इस्लाम, पाऊस 400-500 मिलीमीटर आणि तोही जून ते सप्टेंबरपुरताच. पिकांची नावं मात्र बीड-सोलापूरकडच्या माणसाला घरची वाटतील: बाजरी, ज्वारी, चवळी, भुईमूग. फ्रेंचांच्या अमलात इथला शेंगदाणा युरोपातल्या तेलगिरण्यांना जायचा. सीमेपलीकडे कानोला तर पोत्यांचे मनोरे रचलेले असत. 1970 च्या दशकातल्या दुष्काळाने आणि पिकावरच्या रोगाने तो व्यापार बसला. बायकांच्या चुलीपाशी मात्र भुईमूग टिकून राहिला, आणि ही गोष्ट तिथूनच सुरू होते.

याच मरादीत 1991 साली केअर या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेने बायकांचे बचतीचे गट बांधायला सुरुवात केली. मोइरा एकनेस नावाच्या नॉर्वेजियन कार्यकर्तीने त्यांची घडी बसवली. नाव पडलं 'माता मासू दुबारा', म्हणजे हिकमती बायका. पुढे आफ्रिकाभर जे गावपातळीवरचे बचत-कर्ज गट पसरले, त्यांचं मूळ इथे सापडतं. गरीब वस्तीत छोट्या धंद्यांना हात द्यायचा तर नेमकं काय द्यायचं, याचा अभ्यास करायला मला हे प्रकरण सगळ्यात बोलकं वाटतं. कारण इथे बाहेरच्यांनी भांडवल दिलं नाही आणि धंद्याच्या कल्पनाही दिल्या नाहीत.

धंदा आधीपासून होताच

वस्तीत उद्योग उभे करायला जाणाऱ्या माणसाच्या खिशात बहुधा एक यादी असते. मेणबत्त्या, साबण, शिवणयंत्र, कोंबड्या. आपल्याकडच्या किती तरी प्रशिक्षणांत ती अजून तशीच फिरते. मरादीत ही यादी कुणी काढली असती तर बायका हसल्या असत्या. तिथे जवळजवळ प्रत्येक बाई काही ना काही विकतच असते.

हौसा समाजात बऱ्याच घरांमध्ये लग्न झालेल्या बाईने दिवसा बाहेर फिरायचं नाही असा रिवाज आहे. सगळीकडे तो सारखा कडक नाही, गरीब घरांना तो परवडतही नाही. पण जिथे आहे तिथेही व्यापार थांबलेला नाही. पॉली हिल या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी 1960 च्या दशकात सीमेपलीकडे, नायजेरियातल्या कत्सिनाजवळच्या बटागरावा गावात राहून हेच दाखवलं होतं. गावात बाजार भरत नव्हता, तरी भिंतीआडून धान्य, तेल, शिजवलेले पदार्थ यांची विक्री जोरात चालायची. पोरं ताटं डोक्यावर घेऊन दारोदार जायची आणि पैसे आईच्या हाती आणून द्यायची.

या कमाईबद्दलचा घरगुती कायदा समजून घेतला पाहिजे. घराला धान्य पुरवणं ही नवऱ्याची जबाबदारी, बायकोची कमाई तिची स्वतःची. ऐकायला झकास आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये, नवं पीक हाती यायच्या आधी, कणगी रिकामी होते तेव्हा हा कायदा कुणी पाळत नाही. बाईची शेळी विकली जाते, तिचं भांडवल पोरांच्या पोटात जातं आणि सुगीनंतर तिला पुन्हा शून्यापासून उभं राहावं लागतं. अनेक जणींचा धंदा वर्षानुवर्षं वाढत नाही तो यामुळे. हुशारी कमी पडते म्हणून नव्हे.

आता तेलाचंच बघा. शेंगदाणे भाजायचे, चोळून पाखडायचे, कुटून किंवा दळून त्याचा लगदा करायचा. मग त्यावर थोडं थोडं गरम पाणी शिंपडत तो मळत राहायचं. हात भरून येतात, पण मळणं थांबवता येत नाही. हळूहळू तेल सुटायला लागतं, गोळा पिळून ते वेगळं काढतात. मागे उरलेली पेंड टाकून देत नाहीत. तिच्या बोटभर कांड्या वळून त्याच तेलात तळतात. ही कुलीकुली. कुडुमकुडुम लागते, टिकते, आणि शाळकरी पोरापासून ट्रक ड्रायव्हरपर्यंत सगळे खातात. शेंगांचा पाला आणि टरफलंही वाया जात नाहीत, पाला वैरण म्हणून विकला जातो. बकरी ईदसाठी मेंढा पोसणारीला तो लागतोच.

यात नफा कुठे आहे? सुगीच्या वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, शेंगदाणा स्वस्त असतो. पुढे तो चढत जातो. जिच्याकडे पोतं घ्यायला पैसे आहेत ती तेव्हाच घेऊन ठेवते. बाकीच्या जणी आठवड्याच्या आठवड्याला 'तिया'ने घेतात. तिया म्हणजे साधारण अडीच किलोचं माप. माल तोच, कष्ट तेच, पण तियाने घेणारी चढा भाव भरत राहते आणि तिचा नफा शेंगदाणा विकणाऱ्याच्या घरी जातो. म्हणजे अडतं ते वेळेवर एकरकमी पैसा हाती असण्यापाशी. दहा-पंधरा हजार फ्रँक (हे तिथलं चलन), सुगीच्या त्या पंधरवड्यात.

भिशीपासून पेटीपर्यंत

एकरकमी पैशासाठी हौसा बायकांकडे आपली युक्ती होतीच. तिला अदाशी म्हणतात, फ्रेंच बोलणारे तोंतीन म्हणतात आणि आपण भिशी. दर आठवड्याला सगळ्यांनी ठरावीक रक्कम टाकायची आणि एकीने उचलायची. भिशीची अडचण आपल्यालाही ठाऊक आहे. जिचा नंबर मार्चमध्ये लागला तिला पैसा मार्चमध्ये मिळतो, मग गरज नोव्हेंबरात का असेना.

केअरने तिच्यात एकच बदल केला, पण तो मुळातला होता. जमलेली रक्कम लगेच एकीला देऊन टाकायची नाही. ती एकत्र ठेवायची, त्यातून ज्या बाईला जेव्हा लागेल तेव्हा कर्ज द्यायचं, त्यावर व्याज घ्यायचं, आणि वर्षाच्या शेवटी मुद्दल-व्याज सगळं वाटून पेटी रिकामी करायची. वाटप बहुधा सणाच्या किंवा सुगीच्या तोंडावर. मग पुन्हा नव्याने सुरुवात. जिला बाहेर पडायचं ती पडते, जिचा इतरांना जाच झाला तिला पुढच्या फेरीत घेत नाहीत.

बैठक कशी चालते ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. पंचवीस-तीस बायका चटया टाकून गोल बसतात, प्रत्येकीची जागा ठरलेली. मधोमध पत्र्याची पेटी, तिला तीन कुलपं. तीन किल्ल्या तीन जणींकडे आणि पेटी चौथीच्याच घरी. तिघी हजर असल्याशिवाय झाकण उघडत नाही. उशिरा आलेलीला दंड, मध्ये बडबड करणारीलाही दंड. मग एकेक जण पुढे येऊन सगळ्यांसमोर नाणी मोजून टाकते. जिची ऐपत जास्त ती दोन 'हात' लावते, आपल्याकडे दोन भिश्या लावतात तसं.

वही नसते. मरादीच्या खेड्यांत त्या काळी लिहिता-वाचता येणारी बाई सापडणं मुश्कील होतं. बाहेरचा लेखनिक ठेवला की सत्ता त्याच्या हाती जाते. म्हणून हिशोब तोंडी. बैठक संपताना पेटीत किती उरले ते मोठ्याने सांगायचं, सगळ्यांनी ते ध्यानात ठेवायचं, आणि पुढच्या बैठकीला झाकण उघडायच्या आधी कुणालाही विचारायचं, "गेल्या वेळी किती होते?" आपलं कर्ज तर लक्षात ठेवायचंच, शेजारणीचंही ठेवायचं. आपल्या बचत गटांची सात-सात रजिस्टरं ज्यांनी भरली आहेत त्यांना हे ऐकून हेवा वाटेल. पुढे झिम्बाब्वे, झांझिबार, युगांडात ही पद्धत गेली तेव्हा लेखी नोंदी आल्या, पासबुकात शिक्के मारून हिस्से मोजण्याची सोय झाली. मोठ्या गटाला ते सोयीचं आहे. पण पारदर्शकतेच्या बाबतीत तोंडी पद्धत कमी होती असं मला वाटत नाही.

उदाहरणादाखल आकडे धरू. 25 बायका, आठवड्याला प्रत्येकी 100 फ्रँक, म्हणजे 2,500 फ्रँक. वीस आठवड्यांत 50,000 झाले. त्यातून पाच-पाच, दहा-दहा हजारांची कर्जं चार आठवड्यांसाठी फिरतात. व्याज सर्रास महिन्याला 10 टक्के. आपल्या गटांत दोन टक्के घेतात, त्यामुळे हा आकडा ऐकून दचकायला होतं. दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. हे व्याज सावकाराकडे जात नाही, वर्षाअखेरीला त्याच बायकांत वाटलं जातं. आणि कुलीकुलीचं भांडवल महिन्यातून कितीदा तरी फिरतं. शेळी पोसणारीला मात्र हा दर झेपत नाही, तिचा पैसा सहा-सहा महिने अडकतो. त्यामुळे या पेटीने फिरत्या धंद्याला बळ दिलं आणि संथ धंद्याला वाटपाच्या दिवसाची वाट पाहायला लावली. त्या दिवशी हाती येणाऱ्या रकमेतून बायका शेळ्या-मेंढ्या घेतात.

केअरची माणसं गटाला साधारण वर्षभर शिकवायची आणि मग बाजूला व्हायची. पेटीत त्यांचा एक फ्रँकही नसे. मला हाच सगळ्यात शहाणपणाचा नियम वाटतो. बाहेरचा पैसा पेटीत पडला की फेडीची लाज संपते, आणि गट अनुदानाच्या आशेने बांधले जातात. 2002 च्या सुमारास नायजरमध्ये अशा गटांतल्या बायकांची संख्या दीड लाखाच्या पुढे गेली होती.

आपल्या वाटेशी तुलना

1992 मध्ये, म्हणजे मरादीनंतर वर्षभरातच, नाबार्डने भारतात 500 गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. आपले बचत गट त्या वाटेने मोठे झाले. आपल्याकडे बचत ही पुढच्या बँक कर्जाची पायरी झाली. मरादीत जवळपास बँकच नव्हती, त्यामुळे बचत हेच भांडवल राहिलं. आपल्या गटाला लाख-दोन लाखांचं कर्ज मिळू शकतं, मरादीच्या बाईला ते स्वप्नातही दिसत नाही. पण गट कर्जासाठी बांधला की त्याची सारी शक्ती कागद पुरे करण्यात जाते, हेही आपण पाहिलंय. कर्ज उचललं, वाटून घेतलं, गट मोडला. दरवर्षी पेटी रिकामी करण्याची रीत आपल्याकडे रुजली असती तर बरेच घोळ टळले असते.

हाती काय लागलं

गटांची स्तुती खूप झाली, मोजमाप उशिरा झालं. घाना, मलावी आणि युगांडा या तीन देशांत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गावांत असे गट बांधून त्यांची बाकीच्या गावांशी तुलना करणारा मोठा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बायकांचे धंदे सुधारल्याचं दिसलं, घरात त्यांच्या शब्दाला वजन आल्याचं दिसलं. पण दोन-तीन वर्षांत घरखर्चाची, खाण्यापिण्याची सरासरी पातळी वर गेल्याचा पुरावा मिळाला नाही. मालीतल्या सेगू भागातल्या अभ्यासात जनावरं वाढली आणि टंचाईच्या महिन्यांत उपासमार कमी झाली. एवढंच. गरिबी हटली वगैरे नाही.

नायजरमधल्या जाणत्या लोकांनाही पेटीच्या मर्यादा दिसत होत्याच. आठवड्याला 100 फ्रँकही ज्यांना जड जातात त्या बायका गटात येतच नाहीत. आल्या तर मागच्या रांगेत बसतात आणि कर्ज मागायला धजत नाहीत. एकाच गावात वीस जणी कुलीकुली करू लागल्या की भाव पडतो. वाटपाचा बराच पैसा लग्न-बारशांच्या देण्याघेण्यात जातो, यावर कार्यकर्ते चडफडतात. मी चडफडणार नाही. हौसा बायकांत समारंभाला दिलेली भेट पुढे वाढवून परत येते. ज्या घरी भेट जाते तिथलंच गिऱ्हाईक येतं आणि अडचणीला तिथूनच उसनं मिळतं.

गावाची परवानगी

नंतरचा अध्याय सरकारी आहे. नायजर सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने गरीब घरांतल्या बायकांना दरमहा 10,000 फ्रँक, दोन वर्षं, अशी योजना चालवली होती. त्या बायकांसाठी बचत गट, धंद्याचं साधं प्रशिक्षण आणि मार्गदर्शन यांची जोड दिली गेली. त्यावर गावागावांत वेगवेगळी भर घालून पाहिली. काही गावांत प्रत्येकीला 80,000 फ्रँकचं एकरकमी अनुदान. काही गावांत अनुदान नाही, त्याऐवजी दोन गोष्टी: सगळ्या गावाला, पुरुषांना आणि वडीलधाऱ्यांना बसवून एक छोटा चित्रपट दाखवायचा आणि त्यावर चर्चा घडवायची, आणि बायकांना आत्मविश्वास, उद्दिष्ट ठरवणं, घरात बोलणं यांचं प्रशिक्षण द्यायचं. काही गावांत सगळंच. उरलेल्या गावांत फक्त महिन्याचे पैसे.

2022 मध्ये निष्कर्ष छापून आले. सगळं मिळालेल्या गावांत दीड वर्षानंतर बायकांच्या धंद्याची उलाढाल, फक्त महिन्याचे पैसे मिळालेल्या गावांच्या मानाने, जवळपास दुप्पट झाली होती. यात नवल नाही. नवल पुढे आहे. अनुदान न मिळता केवळ चर्चा आणि प्रशिक्षण मिळालेल्या गावांतही धंदे ठळकपणे वाढले, आणि केलेल्या खर्चाच्या मानाने पाहिलं तर हीच वाट सगळ्यात फायद्याची ठरली.

याचा अर्थ 'बायकांची मानसिकता बदला, पैसे वाचतील' असा कुणी काढेल, आणि सरकारी बैठकांत तो काढला जाईलच. पण त्या बायकांच्या हाती आधीच महिन्याचा पैसा होता आणि गटाची पेटीही होती. शिवाय चित्रपट बायकांना एकटं बसवून दाखवला नव्हता. सासू, नवरा, गावचा मुखिया, मशिदीचा इमाम हे सारे बसलेले असताना 'हिने धंदा केला तर बरं' असं गावाने मोठ्याने म्हटलं. ज्या घरात बाहेर जायला विचारावं लागतं, तिथे हे म्हणणं भांडवलाइतकंच कामाचं आहे. टोगोची राजधानी लोमे इथल्या 1,500 छोट्या व्यावसायिकांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही असाच धागा सापडतो. तिथे पुस्तकी हिशोब-प्रशिक्षणापेक्षा पुढाकार घ्यायला शिकवणाऱ्या प्रशिक्षणाने जास्त साधलं. नफा सरासरी 30 टक्के वाढला, तर नेहमीच्या प्रशिक्षणाची 11 टक्क्यांची वाढ योगायोगाचीही असू शकली असती. मरादीचं खेडं आणि लोमेची बाजारपेठ यांत मोठा फरक आहे, म्हणून ही तुलना ताणू नये.

सीमा, नायरा आणि कोठार

26 जुलै 2023 ला नायजरमध्ये लष्करी बंड झालं. शेजारी राष्ट्रांच्या संघाने निर्बंध घातले, नायजेरियाने सीमा बंद केली, वीज तोडली. मध्यवर्ती बँकेतले देशाचे पैसे गोठले आणि बँकांत रोकड मिळेनाशी झाली. खेड्यातल्या पेटीला या गोठण्याची झळ थेट लागण्याचं कारण नव्हतं, कारण तिचा पैसा कधी बँकेत गेलाच नव्हता. पण मरादीचा सगळा बाजार नायजेरियाशी बांधलेला आहे. तेल, चवळी, मेंढे तिकडे जातात, तांदूळ, साखर, कापड तिकडून येतं. फेब्रुवारी 2024 मध्ये निर्बंध उठले तोवर नायजेरियाचा नायरा कोसळला होता. जून 2023 मध्ये एका डॉलरला 460 च्या आसपास असलेला नायरा 1,500 पर्यंत घसरला. मेंढा पोसून पलीकडे विकायची आशा धरलेल्या बाईच्या हाती त्याच नायऱ्यांचे निम्मेही फ्रँक येईनात. प्रशिक्षणाच्या कुठल्याच धड्यात याचं उत्तर नाही.

शेंगदाण्याच्या पोत्याचा प्रश्न मात्र नायजरमध्ये दुसऱ्या वाटेने सोडवायचा प्रयत्न चालू आहे. फ्रेंचमध्ये त्याला वारांताज म्हणतात, म्हणजे माल तारण कर्ज. 1999 च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या प्रकल्पातून ते तिथे आलं. सुगीला माल गावच्याच कोठारात ठेवायचा, दाराला दोन कुलपं, एक किल्ली शेतकऱ्यांच्या संघटनेकडे आणि दुसरी कर्ज देणाऱ्या पतसंस्थेकडे. मालावर कर्ज उचलायचं, त्यावर तेलाचा किंवा मेंढ्याचा धंदा करायचा, आणि चार-सहा महिन्यांनी भाव चढल्यावर माल सोडवून विकायचा. ज्या बायकांना पेटीतून चार आठवड्यांच्या बोलीवर पैसा मिळत होता त्यांना इथे पुरा हंगाम मिळतो. भाव चढला नाही तर मात्र कर्ज, व्याज आणि कोठाराचं भाडं असं तिहेरी ओझं एकदम पडतं. सरकारने स्वस्त धान्य बाजारात सोडलं किंवा शेजारी पीक उदंड आलं की असं होतं. म्हणून ज्यांना हा मार्ग चोखाळायचा असतो त्या सगळं पीक कोठारात टाकत नाहीत. थोडं घरात, थोडं कोठारात ठेवतात, आणि शनिवारी-सोमवारी पेटीच्या बैठकीला येतातच.